न परतलेल्या विमानांचा गणिती

१३ डिसेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे एक डाकोटा विमान नीलगिरीच्या उत्तर भागात, रंगस्वामी स्तंभ नावाच्या सुळक्याजवळ कोसळले. प्रवाशांत अमेरिकेतून आलेले एक प्राध्यापक आणि त्यांची पत्नी होती. भारत सरकारच्या निमंत्रणावरून प्राध्यापक महाशय व्याख्यानांच्या दौऱ्यावर आले होते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला त्यांनी भेट दिली होती आणि जानेवारीत बंगळूर येथे भरणाऱ्या भारतीय विज्ञान परिषदेला ते उपस्थित राहणार होते. त्यांचे नाव अब्राहम वाल्ड. वय अवघे ४८ वर्षे. सात वर्षांपूर्वी याच माणसाने, युद्धावर गेलेली काही विमाने परत का येत नाहीत, या प्रश्नाचे गणित मांडले होते.

वाल्ड यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०२ रोजी ट्रान्सिल्व्हेनियातील क्लूज या शहरी झाला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते आणि त्याला कोलोझ्वार म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर ते रुमानियाकडे गेले. घर सनातनी ज्यू धर्मीयांचे. आजोबा रब्बी, तर वडिलांची बेकरी. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा, पवित्र दिवस आणि शाळा मात्र शनिवारीही भरत असे. त्यामुळे वाल्ड यांचे बरेचसे शालेय शिक्षण घरीच झाले. थोरला भाऊ मार्टिन विद्युत अभियंता होता. गणिताची गोडी घरातच लागली ती अशी.

क्लूजच्या विद्यापीठातून पदवी मिळवण्याच्या सुमारास, १९२७ साली, वाल्ड व्हिएन्नाला कार्ल मेंगर यांच्याकडे पोहोचले. डेव्हिड हिल्बर्ट यांचा भूमितीच्या पायाविषयीचा ग्रंथ आपण वाचला असून त्यातील काही गृहीतके गाळता येतील, काही सौम्य करता येतील, असे या अनोळखी तरुणाने मेंगर यांना सांगितले. हिल्बर्ट म्हणजे त्या काळातील गणिताचे सार्वभौम सम्राट! एखाद्या प्राध्यापकाने अशा तरुणाला दारातूनच वाटेला लावले असते. मेंगर यांनी मात्र त्याला ते लिहून आणायला सांगितले. १९३१ मध्ये वाल्ड यांना डॉक्टरेट मिळाली. त्यासाठी त्यांना जेमतेम तीन अभ्यासक्रमांना बसावे लागले होते.

पदवी मिळाली, पण नोकरी कोण देणार? परदेशी आणि त्यात ज्यू. त्या वर्षांतील व्हिएन्नाच्या विद्यापीठाची दारे अशा माणसाला बंद होती. मेंगर यांनी बँकर व अर्थतज्ज्ञ कार्ल श्लेसिंगर यांच्याकडे वाल्ड यांची शिफारस केली. श्लेसिंगर यांना गणित शिकवण्यासाठी माणूस हवा होता. या शिकवणीतून एक अनपेक्षित फळ मिळाले. बाजारात असंख्य वस्तू आणि असंख्य किमती असताना सर्वांचा मेळ बसवणारी समीकरणे खरोखरच सुटतात का, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नाचे पहिले काटेकोर उत्तर वाल्ड यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास दिले. पुढे ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या व्यापारचक्र संशोधन संस्थेत त्यांना काम मिळाले आणि भूमितीचा हा माणूस आकडेवारीच्या जगात आला.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. श्लेसिंगर यांनी आत्महत्या केली. वाल्ड यांच्या हातात सुदैवाने अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील काउल्स आयोगाचे निमंत्रण होते. त्याच वर्षी ते अमेरिकेस पोहोचले आणि काही काळातच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरल्ड होटेलिंग यांच्याकडे रुजू झाले. मागे राहिलेले त्यांचे जवळजवळ सगळे कुटुंब पुढे नाझींच्या छळछावण्यांत संपले. थोरला मार्टिनही त्यात गेला. एक भाऊ, हर्मन, तेवढा वाचला. १९४१ साली वाल्ड यांनी ल्युसिल लँग यांच्याशी विवाह केला. युद्धाच्या काळात त्यांच्या हातून जे काम झाले, ते या पार्श्वभूमीवर झाले, हे लक्षात ठेवायला हवे.

अमेरिका युद्धात उतरल्यावर १ जुलै १९४२ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या छत्राखाली संख्याशास्त्रीय संशोधन गट स्थापन झाला. त्याचे संचालक ॲलन वॉलिस. या गटातली नावे आज वाचली तर थक्क व्हायला होते. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे मिल्टन फ्रीडमन आणि जॉर्ज स्टिगलर, तसेच जिमी सॅव्हेज, फ्रेडरिक मॉस्टेलर, जेकब वोल्फोविट्झ ही सारी मंडळी मॅनहटनमधील एकाच इमारतीत बसून बॉम्ब, तोफगोळे आणि विमाने यांचे हिशेब करीत होती. वाल्ड यांच्याविषयी त्या कार्यालयात एक विनोद प्रचलित होता. ते तांत्रिकदृष्ट्या शत्रुराष्ट्राचे नागरिक असल्याने गोपनीय कागद पाहण्याचा त्यांना अधिकार नव्हता. म्हणून ते एक पान लिहून पूर्ण करीत, तोच टंकलेखिका ते त्यांच्या हातून ओढून घेत असे, असे सहकारी गमतीने सांगत.

आता विमानांकडे वळू. १९४३ साली युरोपच्या आकाशात अमेरिकन बॉम्बफेकी विमानांची होणारी हानी भयंकर होती. १४ ऑक्टोबर रोजी जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथील बॉल बेअरिंगच्या कारखान्यांवर २९१ बी-१७ विमाने धाडण्यात आली. त्यांपैकी ६० परतली नाहीत. एका विमानात दहा माणसे असत, म्हणजे एका दुपारीत सहाशे माणसे. विमानाला पोलादी कवच घालावे हे कोणालाही सुचेल. पण पोलाद जड असते. सगळ्या विमानाला ते घातले तर बॉम्ब न्यायला आणि इंधन भरायला जागाच उरत नाही. मग ते नेमके कोठे घालावे?

इंधनाच्या बाबतीत हा प्रश्न फारच टोकाचा होता. बॉम्बफेकी विमानाच्या पंखांत हजारो लिटर पेट्रोल भरलेले असे. टाकीला गोळी लागली तर दोन प्रकारे मरण येते. एक तर इंधन गळून जाते आणि विमान घरी पोहोचण्याआधी कोरडे पडते. दुसरे म्हणजे ज्वालाग्राही गोळीने गळणारे पेट्रोल पेटते, किंवा टाकीतील इंधनाच्या वरच्या मोकळ्या जागेत साठलेली वाफ आणि हवा यांचे मिश्रण भडकते. पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट रिकामी टाकी अधिक घातक ठरू शकते, ती या वाफेमुळे.

यावर शोधलेला उपाय मोठा चतुर होता. टाकीच्या भोवती रबराचे थर द्यायचे. काही थर प्रक्रिया केलेल्या टणक रबराचे आणि त्यांच्यामध्ये एक थर कच्च्या रबराचा. गोळी आरपार गेली की पेट्रोल भोकातून झिरपून कच्च्या रबराला लागते. पेट्रोल लागताच कच्चे रबर फुगते आणि भोक आतल्या आत बुजते. जखमेवर रक्ताची गुठळी धरावी तसेच हे. अशा टाक्यांना सेल्फ-सीलिंग टाक्या म्हणत. त्यांनाही किंमत होतीच. टाकीचे वजन वाढे, तिच्यात मावणारे इंधन कमी होई आणि विमानाचा पल्ला घटे. शिवाय १९४२च्या सुरुवातीस मलाया जपानच्या ताब्यात गेल्याने दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मोठा स्रोतच तुटला होता. रबराचा प्रत्येक किलो कोठे वापरायचा, याला महत्त्व आले होते.

जपानी नौदलाने नेमकी उलट निवड केली. पल्ला हवा म्हणून त्यांनी मित्सुबिशीच्या जी४एम या बॉम्बफेकी विमानांच्या पंखांतील टाक्यांना सुरुवातीच्या काळात असे संरक्षण दिलेच नाही. ही विमाने इतक्या सहज पेटत, की त्यांना सिगारेटच्या लायटरची उपमा मिळाली. पर्ल हार्बरच्या हल्ल्याची योजना आखणारे अ‍ॅडमिरल यामामोतो १८ एप्रिल १९४३ रोजी बुगेनव्हिल बेटावर मरण पावले, ते याच जातीच्या विमानात. अमेरिकन लढाऊ विमानांनी त्यावर झडप घातली आणि ते जंगलात कोसळले.

तेव्हा प्रश्न असा की, इंजिन, धड, इंधनव्यवस्था आणि उरलेले भाग यांपैकी कोणत्या भागावर लागलेली गोळी किती घातक? तळावर परतलेल्या विमानांवरील भोके मोजता येत होती. कोणत्या भागावर किती भोके, याच्या नोंदी होत होत्या. साध्या बुद्धीने पाहिले तर जेथे भोके जास्त तेथे मार जास्त, म्हणून कवच तेथे घालावे. वाल्ड यांनी सांगितले ते नेमके याच्या विरुद्ध. मोजलेली भोके ही परतलेल्या विमानांवरची आहेत. ज्या भागावर गोळी लागून विमान कोसळते, त्या भागावरची भोके मोजायला ते विमान तळावर येतच नाही. म्हणून परतलेल्या विमानांच्या ज्या भागावर अपेक्षेपेक्षा कमी भोके दिसतात, तोच भाग नाजूक.

ही गोष्ट आज जगभर सांगितली जाते. इंटरनेटवर लाल ठिपक्यांनी भरलेल्या एका विमानाचे चित्र फिरते आणि व्यवस्थापनाच्या वर्गात ते दाखवले जाते. गोष्टीत वाल्ड सेनाधिकाऱ्यांच्या बैठकीत उभे राहून एका वाक्यात सर्वांना निरुत्तर करतात. हे बरेचसे नंतरचे रंगकाम आहे. ते चित्र वाल्ड यांचे नाही. ते एकविसाव्या शतकातले आहे. वाल्ड यांनी लिहिली ती १९४३ मधील आठ भागांची टिपणे, समीकरणांनी भरलेली आणि कमालीची रूक्ष. मला मात्र त्या चटकदार गोष्टीपेक्षा ही रूक्ष टिपणेच अधिक मोलाची वाटतात. कवच भोके नसलेल्या जागी घाला, असे एखादा चाणाक्ष सार्जंटही म्हणू शकला असता. प्रश्न होता, किती? त्याचे उत्तर आकड्यांत देणे हे खरे काम होते.

ते कसे, हे त्यांनीच घेतलेल्या एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येते. समजा ४०० विमाने गेली. त्यांतील ३२० एकही गोळी न लागता परतली. ३२ विमाने एक भोक घेऊन आली, २० दोन, ४ तीन, २ चार आणि २ पाच भोके घेऊन आली. म्हणजे एकूण ३८० परतली, २० नाही. त्या २० विमानांना किती गोळ्या लागल्या, हे कोणालाच ठाऊक नाही आणि कळण्याचा मार्गही नाही. वाल्ड यांनी दोन गृहीतके धरली. पहिले, गोळीच न लागलेले विमान परत येतेच. दुसरे, आधी किती गोळ्या लागल्या याचा पुढच्या गोळीच्या परिणामावर फरक पडत नाही. एवढ्यावर एक समीकरण उभे राहते आणि ते सोडवले की उत्तर येते ०.८५. म्हणजे एक गोळी लागूनही विमान उडत राहण्याची शक्यता शंभरात ८५. शंभरातल्या १५ गोळ्या प्राणघातक. जी विमाने कोणी पाहिली नाहीत, त्यांच्याविषयीचे हे अनुमान आहे.

पुढची पायरी भागांची. समजा, विमानाच्या पृष्ठभागाचा २५ टक्के भाग इंजिनांनी व्यापला आहे. शत्रूची गोळी काही भाग निवडून येत नाही, तेव्हा साधारण २५ टक्के गोळ्या इंजिनांवर लागायला हव्यात. पण परतलेल्या विमानांवरील भोकांपैकी इंजिनांवर फक्त १० टक्के आढळली. तर इंजिनावर गोळी लागूनही तरण्याची शक्यता ०.८५ गुणिले १० भागिले २५, म्हणजे ०.३४. त्याउलट इंधनव्यवस्थेचा वाटा १५ टक्के आणि तिच्यावरील भोके १४ टक्के असतील, तर हीच शक्यता ०.७९ येते. (हे आकडे समजावून सांगण्यापुरते मी घेतले आहेत.) वाल्ड यांच्या स्वतःच्या उदाहरणातही इंजिनच सर्वांत नाजूक ठरते. अर्थात तेथेही आकडे नमुन्यादाखल होते. प्रत्यक्ष आकडे जो तळावर मोजेल त्याने सूत्रात घालावेत, ही अपेक्षा.

या सूत्राकडे पाहिले की टाक्यांविषयी एक मजेची गोष्ट ध्यानात येते. विमानाला आपोआप बुजणाऱ्या टाक्या बसवल्यावर परतणाऱ्या विमानांच्या टाक्यांवरील भोके वाढलेली दिसतील. अडाणी माणसाला वाटेल की, शत्रू आता टाक्यांवर नेम धरू लागला. वस्तुतः पूर्वी जी विमाने जळून जात होती, ती आता भोके दाखवायला घरी येत आहेत!

वाल्ड येथेच थांबले नाहीत. गोळ्या एकामागून एक लागत गेल्या तर विमान अधिक दुबळे होत जाते, म्हणजे त्यांचे दुसरे गृहीतक तंतोतंत खरे नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून गृहीतक सैल केल्यास उत्तर कोणत्या दोन मर्यादांमध्ये राहील, हेही त्यांनी काढून दाखवले. नमुना लहान असेल तर चूक किती संभवते, याचा वेगळा विचार केला. युद्धाच्या घाईत, रोज विमाने पडत असताना, आपल्याला काय ठाऊक नाही याची इतकी काळजीपूर्वक मोजदाद करणारा माणूस विरळाच. ही पद्धत त्या युद्धात आणि नंतर कोरिया व व्हिएतनामच्या युद्धांतही अमेरिकेच्या नौदलाने आणि हवाई दलाने वापरली, असे वॉलिस यांनी नमूद केले आहे.

त्याच वर्षी दुसरे मोठे काम झाले. दारूगोळ्याच्या चाचणीसाठी ठरलेल्या संख्येने गोळे उडवावे लागत. अनुभवी अधिकाऱ्याला मात्र पहिल्या काही गोळ्यांतच माल चांगला की वाईट, हे कळून चुके. मग उरलेले गोळे वाया का घालवायचे? कॅप्टन शायलर या नौदल अधिकाऱ्याच्या या तक्रारीवरून वॉलिस आणि फ्रीडमन यांनी विचार सुरू केला आणि प्रश्न वाल्ड यांच्यापुढे ठेवला. प्रथम त्यांना त्यात फारसे तथ्य वाटले नाही. दोनच दिवसांनी त्यांनी दूरध्वनी करून, अशी पद्धत शक्य आहे आणि ती रूढ पद्धतीपेक्षा सरस आहे, असे कळवले. प्रत्येक निरीक्षणानंतर थांबायचे की पुढे जायचे, हे ठरवणाऱ्या या क्रमिक विश्लेषणाला युद्ध संपेपर्यंत गोपनीय ठेवण्यात आले. १९४७ मध्ये त्यावर त्यांचा ग्रंथ आला. त्या ग्रंथात वाल्ड यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये केलेल्या तागाच्या लागवडीच्या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या पाहणीचा, या विचाराची एक पूर्वसूचना म्हणून, आवर्जून उल्लेख केला आहे. कोलकात्याशी त्यांचे नाते ते तेथे जाण्याच्या आधीच जुळले होते. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही वाल्ड यांची कसोटी आणि आपल्या सी. आर. राव यांची कसोटी शेजारी-शेजारी शिकतात.

युद्धानंतर कोलंबियात स्वतंत्र संख्याशास्त्र विभाग स्थापन झाला आणि वाल्ड त्याचे प्रमुख झाले. १९५० मध्ये त्यांचा निर्णयसिद्धान्तावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना चुकीची किंमत कशी तोलावी, हा त्याचा विषय. बीज १९३९ मधील एका शोधनिबंधात होते. मधली वर्षे युद्धाने घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते ल्युसिल यांच्यासह भारतात आले.

अपघातानंतर, १९५२ साली, गणिती संख्याशास्त्राच्या प्रमुख अमेरिकन नियतकालिकाने त्यांच्या स्मरणार्थ लेख छापले. मेंगर आणि वोल्फोविट्झ यांनी त्यांत लिहिले. तीन वर्षांनी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी वाल्ड यांच्या विचारसरणीवर कडक टीका केली. विज्ञानातील अनुमान आणि कारखान्यातील मालाची तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा विचार करण्याजोगा होता, सूर तसा नव्हता; आणि उत्तर द्यायला वाल्ड हयात नव्हते. ते काम जर्झी नेमन यांनी केले.

विमानांविषयीची आठ टिपणे दीर्घकाळ सरकारी दप्तरांत पडून होती. १९८० साली अमेरिकेच्या नौदल विश्लेषण केंद्राने ती एकत्र करून पुन्हा छापली आणि चार वर्षांनी मार्क मँगेल व फ्रान्सिस्को सामानिएगो यांनी एका शोधनिबंधातून ती संख्याशास्त्रज्ञांसमोर आणली. वाल्ड दांपत्य भारतात आले तेव्हा त्यांची दोन्ही मुले अमेरिकेतच होती. त्यांतला रॉबर्ट तेव्हा तीन वर्षांचा होता. पुढे तो भौतिकशास्त्रज्ञ झाला, शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि सामान्य सापेक्षतेवरील त्याचे १९८४ मधील पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यापीठांत शिकवले जाऊ लागले.